ड्रॅगनला दिलेली हाक

“नाइटचा पिक्चर हाय, मामा. नाइटचा!” असं म्हणत सटवाने छातीवरचा पत्रा दोन बोटांनी वाजवून दाखवला.

बंकटने आधी त्या पत्र्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे. दिवस चांगला दोन कासरे वर आला होता. किल्ल्याच्या दरवाजात ऊन पडलं होतं आणि त्या उन्हात सात-आठ माणसं अंगाला पत्रे बांधून पोहे खात बसली होती.

“नाइटचा पिक्चर, आन् दिवसा कावून काढायलेत बे?”

सटवा कपाळावर हात मारायला गेला, तर हात डोक्यावरच्या टोपाला लागून खणकन वाजला. “आवं, ती नाइट न्हाई. ह्यो नाइट येगळा. जुन्या काळचा इंग्रजी सरदार. अंगावर पत्रा घालून घोड्यावर बसायचा. मी तीन नंबरचा नाइट हाय.”

“घोडा कुठंय तुझा?”

“घोडा एकच हाय, वरातीचा. त्यो एक नंबरच्या नाइटाला दिला. आमी पायी.”

“आन् मारणार कुणाला?”

“ड्रॅगनला.”

ड्रॅगन बंकटला माहीत होता. घाटाखाली एकाने तीन वर्षांमागे ड्रॅगनची बाग लावली होती. सिमेंटचे खांब, त्यावर लोंबणाऱ्या काटेरी फांद्या आणि गुलाबी फळं. एकदा बंकटची एक मेंढी त्या बागेत शिरली, तर मालकाने केवढा तमाशा केला होता.

“ते तर फळ हाय,” बंकट म्हणाला. “फळ तोडायला तलवारी कावून लागायल्यात?”

सटवा इतका हसला, की काखेतली दोरी तुटून पत्रा पोटावर आला. पत्र्याच्या आतल्या अंगाला सोयाबीन तेलाच्या डब्यावरची अक्षरं अजून दिसत होती. बंकटला मात्र हसू आलं नाही. सटवाचं बाजारात पंक्चरचं दुकान. दारात गिऱ्हाईक उभं असताना जेवायलाही न उठणारा हा माणूस चार दिवस दुकानाला कुलूप लावून तेलाचा डबा अंगावर घेऊन बसतो, म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय. नाइट म्हणायचं आणि दिवसा काम करायचं. ड्रॅगन म्हणायचं आणि तलवारी आणायच्या. ज्यांच्या शब्दांचाच ताळमेळ नाही, त्यांच्या कामाचा काय भरवसा?

बंकट संशयी आहे, हे अख्ख्या धारूरला माहीत होतं. कुणी रामराम केला तरी हा मनात म्हणणार, ह्याचं काय काम अडलंय आपल्याकडे? डॉक्टरने जीभ दाखवा म्हटलं, तर आधी विचारणार, ‘कावून?’ लोक हसायचे. हसणाऱ्यांचं काय जातं! बंकटच्या संशयाला कारण होतं आणि ते अकरा मेंढरांचं होतं.

दोन वर्षांमागची गोष्ट. कडा गावचा म्हणून एक माणूस आला. एडका विकत घ्यायचाय म्हणाला. चांगला गोडबोल्या. तीन दिवस राहिला, बंकटच्या बायकोच्या, रतनबाईच्या हातच्या भाकरी खाल्ल्या, बंकटबरोबर रानात हिंडला आणि एडका पसंत नाही म्हणून निघून गेला. चौथ्या दिवशी पहाटे अकरा मेंढरं गायब. ना कुत्रं भुंकलं, ना मेंढरांनी दंगा केला. शेजारचा गडी म्हणाला, “पहाटं तुमची हाक ऐकली की मी. म्हणलं, बंकटमामा आज लवकरच निघाले.”

बंकट तर तेव्हा घोंगडीत होता.

ती हाक बंकटच्या बापाची. जिभेच्या टोकावर सुरू होऊन टाळूला लागून वर जाणारी, ‘अर्र्र्र ह्योऽऽ’. मैलावरचं मेंढरू त्या हाकेला मान वर करायचं. त्या चोराने मेंढरं नेली, त्याच्या आधी हाक नेली होती. हे बंकटच्या मनाला असं लागलं, की त्या दिवसापासून परक्या माणसासमोर त्याने हाक देणंच सोडलं. कुणी जवळ असलं की नुसता खडा फेकायचा, काठी आपटायचा, फार तर दातांतून सुस्कारा टाकायचा. आजूबाजूला चिटपाखरू नाही अशी खात्री झाली तरच तोंड उघडायचा.

आता तर परकी माणसं किल्ल्यातच येऊन बसली होती, म्हणून तो दिवसभर त्यांच्यावर नजर ठेवून राहिला. मेंढरं तटाच्या कडेला चरत आणि बंकट बुरुजावर बसून पिक्चरवाल्यांचे कारभार बघत असे. पहिला संशय गुप्तधनाचा. किल्ला म्हटला की कुणी ना कुणी पहार घेऊन येतंच. दुसऱ्या दिवशी दोघं खड्डा खणताना दिसले, तशी बंकटने तिथं जाऊन काठी आडवी धरली.

“काय निघालं?”

“मुरूम,” खणणारा म्हणाला.

खड्डा ड्रॅगनच्या शेपटीचा खांब रोवायला होता. ड्रॅगन म्हणजे एक ट्रॅक्टरची ट्रॉली. तिच्यावर बांबूचा सांगाडा, सांगाड्यावर हिरवी ताडपत्री, पंखांना जुन्या छत्र्यांचं कापड आणि पुढं थर्माकोलचं भलंमोठं तोंड. दात पाण्याच्या पांढऱ्या पाइपाचे. नाकातून धूर यायचा तो डासांवर फवारायच्या मशिनीचा. हे सगळं बंकटने काठीने टोचून टोचून पाहिलं. आत कुणी लपलंय का, तेही वाकून पाहिलं.

“मामा, ताडपत्री फाटंल!” अमरनाथ ओरडला.

ह्या सगळ्याचा मालक तो. पेठेतल्या भांड्यांच्या दुकानवाल्या चन्नप्पा आप्पांचा मुलगा. पुण्याला काहीबाही शिकून आला होता आणि आता मोबाइलवर दाखवायचा पिक्चर काढत होता. बाप गल्ल्यावर, लेक किल्ल्यावर. बंकटने त्याला लहानपणी मेंढीवर बसवून फिरवलं होतं, म्हणून तेवढ्यापुरता त्याच्यावर विश्वास. पण पोरगं शहरात राहून आलेलं. शहरात माणसाचं काय होईल, सांगता येत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी एक मुलगी बुरुज चढून थेट बंकटपाशी आली. गळ्यात मशीन, कानांवर काळे डबे, हातात केसाळ बोक्यासारखं काहीतरी काठीला बांधलेलं. ही रुचिका, लातूरची. आवाज पकडणं हे तिचं काम.

“मामा, काल सकाळी खंदकापलीकडून तुम्ही हाक दिलीत ना?”

बंकटच्या अंगावर सरसरून काटा आला. काल कुणी नाही असं चारही दिशांना बघून त्याने तोंड उघडलं होतं.

“मी न्हाई दिली.”

“मी तटावर वारा रेकॉर्ड करत होते. त्यात लांबून आली. पण वाऱ्याने खराब झाली.” मुलगी शेजारी दगडावर बसलीच. “आमच्या ड्रॅगनला आवाज नाही हो मामा. कॉम्प्युटरमधले सगळे आवाज ऐकले. सगळे परदेशी, एक तर वाघ नाही तर विमान. आपल्या डोंगरातला ड्रॅगन आपल्यासारखा नको का ओरडायला? तुमची हाक मिळाली, तर मी ती खाली ओढून जाड करीन. द्याल?”

“ते जे पकडलंय ते आदी पुसून टाक.”

तिने मशीन त्याच्यापुढे धरून पुसलं. बंकट बघत होता. “पुसलं म्हंजी कुठं गेलं?”

“कुठंच नाही. नाहीसं झालं.”

असं कसं नाहीसं होईल? भाकरी खाल्ली तरी पोटात जाते. बंकट उठला आणि मेंढरं घेऊन डोंगराच्या दुसऱ्या अंगाला निघून गेला.

संध्याकाळी रतनबाईने सगळं ऐकून घेतलं आणि चुलीतलं लाकूड पुढं सारलं. “द्यायची की. आवाज काय उसाची मोळी हाय, दिली की सरली?”

“तुला कळत न्हाई. एकदा मशिनीत गेली की मोबाइलात जाती. मोबाइलातून कुणाच्या बी मोबाइलात. उद्या कुणी बी चोर रानात उभा ऱ्हाऊन बटन दाबील, आन् ऐंशीच्या ऐंशी मेंढरं त्याच्या टेंपोत जाऊन बसतील.”

हे म्हणणं अगदीच वेडगळ नव्हतं, हे रतनबाईलाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी चन्नप्पा आप्पा स्वतः आले. गुडघे दुखत असताना किल्ल्याचा चढ चढून, कपाळावरच्या भस्मावर घामाच्या रेघा उमटलेल्या. बंकट गडबडीने उठून उभा राहिला. आप्पांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“बंकट, माझं पोरगं चार दिसांपासून जेवंना. ड्रॅगन मुका हाय म्हनं. मला त्यातलं काय कळत न्हाई. पण तुझ्याकडं काई तरी हाय आन् तू देईना, असं कळलं. म्हून आलो.”

आप्पांना नाही म्हणणं बंकटला जमणारं नव्हतं. बारा वर्षांमागं रतनबाईला पान लागलं होतं. सापाचं विष चढत होतं आणि एकही गाडीवाला थांबत नव्हता. तेव्हा दुकान उघडं टाकून आप्पांनी स्वतःची जीप काढली आणि तिला आंबेजोगाईच्या दवाखान्यात नेलं. रतनबाई आज चुलीपुढं बसून नवऱ्याला शहाणपण शिकवते, ते त्या जीपमुळं.

“देतो, आप्पा,” बंकट म्हणाला.

म्हणाला खरा, पण मनातला संशय काही उठून गेला नव्हता. तो मनात तसाच ठाण मांडून होता, आणि पायवाट उतरता उतरता बंकटला एक युक्ती सुचली. अशी नामी, की तो एकटाच खुदकन हसला.

हाका दोन होत्या. ‘अर्र्र्र ह्योऽऽ’ ही जवळ बोलवायची. दुसरी लांडग्याची. ‘लाऽऽग लाग लाग हूऽऽ’ अशी, छातीतून निघून शेवटी फाटत जाणारी. बंकटच्या बापाने मेंढरांना शिकवलेलं होतं आणि मेंढ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या आपल्या कोकरांना शिकवलं होतं, की ही हाक आली की तोंडातलं गवत टाकायचं, एकमेकांना बिलगायचं आणि जवळच्या उताराने सरळ वाघरीकडं पळायचं. वाघर म्हणजे मेंढरं रात्री कोंडायची जाळी. तिथं कुत्री असतात, माणसं असतात. वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी बंकट ती हाक द्यायचा, तीही लांडगा डोळ्यांनी दिसला तरच.

ती द्यायची मशिनीत. घेऊ दे कुणाला चोरून! बटन दाबलं, की मेंढरं चोराकडं जायच्या ऐवजी सुसाट घराकडं पळतील. शब्द पाळला जाईल आणि हाकही वाचेल.

रुचिकाने बुरुजाच्या आडोशाला ते केसाळ बोकं त्याच्या तोंडापुढं धरलं. मेंढरं त्याने मुद्दामच रतनबाईबरोबर लांब पाठवली होती. बंकटने डोळे मिटले आणि दिली. तीनदा दिली. तिसऱ्या वेळी आवाज फाटत फाटत खंदकापार गेला आणि पलीकडच्या डोंगरावरून परत आला. पोहे खाणाऱ्या नाइटांचे हात थांबले. रुचिकाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

“मामा, ही त्या दिवशीच्यापेक्षा वेगळी वाटते.”

“वाऱ्याचा फरक आसंल,” बंकट म्हणाला.

मग तिने कानांवरचे डबे काढून त्याच्या कानांवर ठेवले आणि ती हाक त्याला ऐकवली. जशीच्या तशी, अजून काही बदल न केलेली. बंकट दचकला. स्वतःचा आवाज त्याने असा बाहेरून कधी ऐकला नव्हता. त्याला वाटलं, बाप बोलतोय. तीस वर्षांमागं गेलेला बाप डोंगराच्या कपारीत उभा राहून ओरडतोय. त्याने डबे काढले, पुन्हा घातले, पुन्हा ऐकलं. ‘ही पोरगी चोर न्हाई,’ असं त्याला पहिल्यांदा वाटलं. त्याच वेळी तिला सांगून टाकावं, असंही वाटलं. पोरी, ही लांडग्याची हाय, जपून वापर. शब्द ओठांवर आला होता. पण दोन वर्षांची सवय अशी एका सकाळीत सुटत नाही. सांगू उद्या, म्हणून तो गप्प राहिला.

त्या दिवसापासून बंकट मऊ झाला. नाइटांत जाऊन बसू लागला, सटवाची दोरी नीट बांधून देऊ लागला. म्हणून शेवटच्या दिवसासाठी अमरनाथने भीत भीत मेंढरं मागितली, तेव्हा त्याने सरळ नाही म्हटलं नाही.

“काय करणार त्यांचं?”

“चरतेली दिसली पायजेत, मामा. ड्रॅगन त्यांना खायला येतो आन् नाइट वाचवतात. बास.”

“जाळ?”

“न्हाई. नुसता धूर.”

“फटाके?”

“न्हाई.”

“ट्रॉली ढकलणार?”

“चार हात. आंगावर न्हाई.”

“घोडा?”

“बांधून ठिवतो.”

बंकटने सगळं विचारलं. धुराची मशीन चालू करून मेंढरं बिचकत नाहीत ना, तेही पाहिलं. आवाजाचं तेवढं विचारलं नाही. आवाज मशिनीतला आहे, पिक्चरमध्ये नंतर घालतील, अशी त्याची समजूत. आणि ती हाक कसली आहे, हे अमरनाथला कुणी सांगितलंच नव्हतं.

किल्ल्याच्या आतलं मैदान पश्चिमेला उतरतं. उताराच्या शेवटी तट आहे आणि तटाला एक खिंडार पडलेलं आहे, बैलगाडी जाईल एवढं. खिंडारापलीकडं खंदकाची दरी. दरीच्या पलीकडच्या माळावर बंकटची वाघर. रोज मेंढरं दरवाजातून वळसा घालून घरी जायची. सरळ गेलं, तर मधे दरी होती.

दुपारी तीनच्या सुमाराला ऐंशी मेंढरं मैदानात पसरली. पुढं बानू. बानू म्हणजे काळ्या तोंडाची म्हातारी मेंढी, गळ्यात घाटी, म्हणजे मोठी घंटा बांधलेली. खांडव्यात, म्हणजे कळपात, पुढं चालायचा मान तिचा. ती जाईल तिकडं बाकीची. बंकट आयुष्यभर मेंढरांच्या मागून चालला, पण त्यांना वाट दाखवायची ती बानूनं आणि तिच्याआधी तिच्या आईनं.

नाइट रांगेत उभे राहिले. धूर निघाला. ट्रॉली चार हात पुढं आली. मेंढरांनी एकदा मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. बंकटला बरं वाटलं. तेव्हाच त्याचं लक्ष ट्रॉलीच्या मागं गेलं. तिथं वरातीत वाजवतात तसले दोन डीजेचे भोंगे उभे होते. हे काय, असं विचारायला त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात अमरनाथने हात वर केला.

“ड्रॅगन, आवाज!”

नाइटांना तलवारी कधी उचलायच्या ते कळावं, म्हणून ही सोय होती. भोंग्यातून बंकटचा आवाज आला. जाड केलेला, लांबवलेला, दहा माणसांएवढा. लाऽऽग लाग लाग हूऽऽ.

ऐंशी तोंडांतलं गवत एकदम खाली पडलं.

मेंढरं बिलगली आणि उताराला लागली. बंकट धावला. “बंद करा! आरं बंद करा त्ये!” पण त्याचं ओरडणं त्याच्याच आवाजाखाली बुडालं. मग त्याने जवळ बोलवायची ती हाक दिली. दोन वर्षांत कुणासमोर न दिलेली, सगळ्या नाइटांसमोर, कॅमेऱ्यासमोर, घशाच्या शिरा फुगवून. अर्र्र्र ह्योऽऽ! अर्र्र्र ह्योऽऽ! इकडून तो बोलवत होता आणि तिकडून भोंग्यातून तोच पळायला सांगत होता.

बानूनं ऐकलं. खिंडाराच्या तोंडाशी ती थांबली, वळली, बंकटच्या दिशेनं मान केली. पण मागून सगळा खांडवा येत होता. तो कसा थांबणार? घाटी एकदा जोरात वाजली आणि दरीत गेली.

रुचिकाने धावत जाऊन भोंग्याची वायर उपसली. सगळं शांत झालं. मग बंकटची हाक एकटी ऐकू आली आणि खिंडारातली मेंढरं जागच्या जागी थांबून थरथरत उभी राहिली.

सहा गेली होती.

तासाभरात निम्मं धारूर किल्ल्यावर जमलं. अमरनाथ ट्रॉलीला टेकून डोकं धरून रडत होता. सटवा पत्र्यासकट इकडून तिकडं फिरत होता. “मामा, सोडू नका ह्यांना. चला ठाण्यात. गुन्हा दाखल करू. मी साक्ष देतो. गरिबाच्या जितराबाला काय किंमत हाय का न्हाई?”

आप्पा आले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. पेठेत त्यांना बिनटोपीचं कुणी पाहिलं नव्हतं. “बंकट, चूक आमच्या पोराची हाय. तू म्हणशील ती भरपाई. तू म्हणशील तसं.”

सगळे बंकटकडं बघत होते. तो खिंडारात उभा राहून खाली बघत होता. कुणालाच काही ठाऊक नव्हतं. ठाऊक असणारा एकटा तोच होता. गप्प राहिला असता, तर सगळं त्याच्या बाजूचं होतं. पिक्चरवाले फसवे आहेत असं तो पहिल्या दिवसापासून म्हणत होता आणि आता अख्खं गाव मान डोलवायला तयार होतं. एवढी आयती संधी संशयी माणसाला जन्मात एकदा मिळते.

“टोपी घाला, आप्पा,” बंकट म्हणाला. “पोराची चूक न्हाई. ती हाक लांडग्याची व्हती.”

“म्हंजी?”

“लांडगा आला की देतो ती. मेंढरं पळावीत म्हून. मी मुद्दाम तीच दिली. तुमी मागितली येक, मी दिली दुसरी. तुमी चोर निघाल तर म्हून.” तो आप्पांकडं वळला. “तुमी जीप काढलती माझ्या बायकूसाठी, आन् मी तुमाला चोर समजलो. सहा मेंढरं मीच मारली. माझ्याच तोंडानं मारली.”

सटवाने हळूच टोप काढला. आप्पांनी टोपी घातली नाही, तशीच हातात धरून ते बंकटशेजारी दगडावर बसले.

रतनबाईने घरी हाकेचं खरं ऐकलं, तेव्हा ती रडली नाही. दरीत उतरून ती आणि दोन बाया बानूच्या गळ्यातली घाटी घेऊन आल्या होत्या. ती धुता धुता ती एकदाच बोलली. “आप्पांना न्हाई सांगितलं, पोरीला न्हाई सांगितलं, ते सोडा. मला बी न्हाई सांगितलं तुमी. चाळीस वर्सं मेंढरामागं हिंडले तुमच्यासंगं. मी काय मोबाइलात घालणार व्हते का?”

सहा मेंढरांइतकंच हेही बंकटला लागलं.

चार दिवसांनी रुचिका एकटीच माळावर आली. पिक्चरवाल्यांनी किल्ला आवरला होता. ड्रॅगनची ताडपत्री उतरून ट्रॉली पुन्हा ट्रॅक्टरला लागली होती.

“मामा, अमरनाथ म्हणतो ती हाक काढून टाकू. कॉम्प्युटरमधला आवाज घालू. तुमच्यासमोर पुसायला आलेय.” तिने मशीन पुढं केलं.

पुसलं म्हणजे कुठं गेलं, हे बंकटने आज विचारलं नाही.

“नगं पुसू. माझ्या बापाची हाय ती. लोकांना भ्या वाटावं म्हून पायजे ना? मग वाटंल. खरीच भ्यायची हाय.” मग त्याने काठी खाली ठेवली. “आन् ते बोकं काढ तुझं. तू मागितलती ती द्यायची ऱ्हायलीया.”

“मामा, नको. खरंच नको.”

“काढ म्हणलं ना.”

तिने काढलं. बंकटने ह्या वेळी आजूबाजूला पाहिलं नाही. रस्त्याने दोन मोटारसायकली चालल्या होत्या, पलीकडच्या शेतात माणसं ज्वारीला पाणी देत होती. त्याने जीभ टाळूला लावली आणि हाक दिली. अर्र्र्र ह्योऽऽ.

माळावर पसरलेली चौऱ्याहत्तर मेंढरं मान वर करून बघू लागली. एवढं होऊनही ह्या हाकेवर त्यांचा अजून विश्वास आहे, हे पाहून त्याचा जीव भांड्यात पडला. ती निघाली. अर्ध्या वाटेपर्यंत आली आणि थांबली. पुढं कुणीच नव्हतं. एक मेंढी दुसरीकडं बघत होती, दुसरी तिसरीकडं. घाटी वाजत नव्हती, तर पाऊल कुणी उचलायचं?

बंकटने पुन्हा हाक दिली. मेंढरांचे कान हलले, पाय हलले नाहीत.

रतनबाई पालापुढं उभी राहून बघत होती. तिने खुंटीवरची घाटी काढली आणि त्याच्या हातात आणून दिली. कुठल्या मेंढीच्या गळ्यात बांधावी, म्हणून बंकट थोडा वेळ खांडव्याकडं बघत राहिला. मग तो चालत चालत मेंढरांच्या मधून पार पुढं गेला, त्यांच्याकडं पाठ करून उभा राहिला आणि घाटी हातातच धरून वाजवत सावकाश चालू लागला. दहा पावलं त्याने मागं वळून पाहिलं नाही. मग मागून खुरांचा आवाज आला.

रुचिकाने मशीन बंद केलं नव्हतं. त्यात आधी दोन हाका होत्या आणि मग बराच वेळ, लांब लांब जाणारी नुसती घाटी.